लॅबचं (लॅब्रॉडॉर कुत्र्याचं) पिल्लू घ्यायचं आहे, ३० हजार बाजूला ठेवलेत, पुरतील का? नागपूरकरांनी सांगा

बेसा_घोगली_रोड
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगी सातवीत आहे आणि दोन वर्षांपासून घरात एकच घोषा, कुत्रा पाहिजे. सहामाहीत ९० टक्के आणले तर बघू असं मी बेसावधपणे बोलून गेलो, तिनं ९२ आणले, आता फेब्रुवारी उजाडला तरी मी बघूच म्हणून राहिलोय आणि आता तोंड लपवायला जागा नाही.

घर टू बीएचके, दुसरा मजला. मी, बायको, मुलगी आणि बाबा. बाबा महावितरणमधून रिटायर झालेत, दिवसभर घरी असतात, म्हणजे पिल्लू एकटं राहणार नाही. मुलीला लॅबच पाहिजे, त्यात तडजोड नाही.

चौकशी केली तर भाव ऐकून डोकं गरगरलं. कामठी रोडकडे एकजण ९ हजारात द्यायला तयार आहे, पेपर (जातीच्या नोंदणीचे कागद) नाही म्हणतो. दुसरा १८ हजार म्हणतो आणि वर "पेपर नंतर येतील". पुण्याच्या एकानं ३८ हजार सांगितले, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपर, मायक्रोचिप (कातडीखालची ओळखीची चिप) सगळं धरून, पण पिल्लू नागपूरला आणायचा खर्च वेगळा. तिघांनीही पाठवलेल्या फोटोतली पिल्लं मला तर सारखीच दिसतात.

मी एक्सेल केली. पिल्लू १८, इंजेक्शनं ३, पट्टा-भांडी वगैरे ४, आणि उरलेले ५ इतर. झाले ३०. बायको बँकेत आहे, तिनं ती शीट एकदा खालीवर पाहिली आणि एवढंच विचारलं, "यातला कुत्रा जेवत नाही का?" तेव्हापासून शीट बंद आहे. ज्यांच्याकडे आहे त्यांनी खरे आकडे सांगा प्लीज.

तर्रीपोहे
भाऊ, वहिनी एकदम बरोबर बोलल्या. माझ्याकडे पाच वर्षांचा लॅब आहे, बुलेट नाव, वजन ३४ किलो, असायले पाहिजे ३० च्या आसपास पण आमच्या आईले कोण समजावणार, ती पोळी लाटून राहिली की हा पोळपाटाच्या बाजूले बसून राहते अन् प्रत्येक तिसरी पोळी याची.

तुम्ही इतर मध्ये जे ५ हजार ठेवले ना ते हा दोन महिन्यात खाऊन ढेकर देईन. मोठ्या लॅबले दिवसाला तीनशे साडेतीनशे ग्राम ड्राय फूड लागते, म्हणजे महिन्याची दहा किलोची बॅग धरा. साधं घेतलं तर किलोले अडीचशे-तीनशे, जरा बरं घेतलं तर पाचशेच्या वर. घरचं द्याल म्हणाल तर चिकन-भात स्वस्त पडते असं वाटते पण मग कॅल्शियम वेगळं, अन् नुसत्या भातानं तो फुगते फक्त. मी अर्धं अर्धं करतो. महिन्याले साडेतीन हजार खाण्याचेच जातात. हे माझं सांगून राहिलो, तुमचं तुम्ही बघा.

इतवारीचा_हिशोब
९ हजार, १८ हजार, ३८ हजार. याच्यात एक धड सेकंड हॅन्ड अ‍ॅक्टिव्हा येते, तिले जंताचं औषध पण पाजा लागत नाही.

व्हेट_इन_मेकिंग
मी सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे, अजून डॉक्टर नाही, त्यामुळे हे सल्ला म्हणून घ्या, प्रिस्क्रिप्शन म्हणून नाही.

वरच्या तर्रीपोहे दादांच्या बुलेटची पूर्ण चूक नाही हां. लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनमध्ये एक बिघाड सापडतो, त्यानं पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही. केंब्रिजच्या लोकांनी २०१६ मध्ये हे दाखवलं, साधारण चारातल्या एका लॅबमध्ये असतो. म्हणजे तो खोटं भुकेलेला चेहरा करत नसतो, त्याला खरंच भूक लागलेली असते. पण तुमच्या बजेटसाठी अर्थ एकच, मोजून द्यायचं, डोळ्यात बघून द्यायचं नाही.

आता इंजेक्शनं. ३ हजारात होईल असं तुम्ही धरलंय ते फक्त लसींच्या बाटल्यांचं झालं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटची सोळा आठवड्यांच्या आसपास पडायलाच पाहिजे. लोक विचारतात एवढ्या वेळा कशाला, डॉक्टर पैसे काढतात. तसं नाहीये. पिलाच्या अंगात आईच्या दुधातून आलेल्या अँटिबॉडी असतात, त्या असेपर्यंत लस धरत नाही, आणि त्या नेमक्या कधी संपतील ते प्रत्येक पिलाचं वेगळं. म्हणून पुन्हा पुन्हा द्यावी लागते. रेबीजची तीन महिन्यांनंतर, मग बूस्टर, मग दरवर्षी. माझ्या ओळखीच्या खाजगी क्लिनिकांचे भाव बघता कॉम्बो लस (बऱ्याच रोगांची मिळून एक) ८००-१००० ला एक, रेबीज ३००-४००, आणि प्रत्येक वेळी तपासणी फी. पहिल्या वर्षाला साडेपाच हजार धरा. आमच्या कॉलेजच्या दवाखान्यात बरंच स्वस्तात होतं, पण सकाळचा वेळ काढून यावं लागतं आणि रांग असते.

जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. ते स्वस्त आहे.

आणि एक. केंद्राचे २०१७ चे ब्रीडिंगचे नियम आहेत, त्यात ब्रीडरला (पिल्लं काढून विकणाऱ्याला) राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तिघांनाही नोंदणी क्रमांक विचारा. निम्मे लोक तिथेच फोन ठेवतात.

नाव_नको
मी लिहिणार नव्हते पण ९ हजारवालं वाचलं आणि राहवलं नाही.

मागच्या वर्षी आम्ही पण असंच एक घेतलं होतं, ब्रीडरचं नाव लिहीत नाही, इथलाच आहे. ८ हजार दिले. "दोन इंजेक्शनं झालीत" म्हणाला, कार्ड दिलं, कार्डावर लसीचं स्टिकर नव्हतं, नुसती निळ्या पेनानं तारीख. आम्हाला काय कळतंय. गुरुवारी आणलं. रविवारपर्यंत इतकं खेळलं की पोरांनी शाळेची दप्तरं उघडली नाहीत. सोमवारी सकाळी जेवलं नाही. दुपारी पिवळी फेसाळ उलटी, रात्री रक्ताची जुलाब, आणि तो वास, मी सांगू शकत नाही, अजून नाकात आहे. पार्व्हो, पिलांना होणारा उलटी-जुलाबाचा व्हायरस.

पाच दिवस रोज दोनदा क्लिनिक. त्याच्या पायाची शीर सापडेना, माझ्या करंगळीएवढा पाय, तिथे कॅन्युला (सलाईनची बारीक नळी) लावून वर पट्टी गुंडाळली होती आणि सलाईनची बाटली आम्ही घरी खिडकीच्या गजाला माझ्या ओढणीनं बांधायचो. थेंब मोजत रात्रभर आळीपाळीनं बसलो. १४ हजार ६०० रुपये गेले. शनिवारी पहाटे गेलं. ब्रीडरला फोन केला तर म्हणाला तुम्ही बाहेरचं काहीतरी खाऊ घातलं असेल, मग नंबर ब्लॉक.

तर ८ हजारांचं पिल्लू मला साडेबावीस हजाराला पडलं आणि घरात नाही.

व्हेट_इन_मेकिंग
@नाव_नको ताई, फार वाईट वाटलं. बाहेरचं खाऊ घातलं वगैरे काही नसतं. पार्व्होची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. चौथ्या-पाचव्या दिवशी आजारी पडलं म्हणजे बहुतेक तो तिथूनच घेऊन आला होता. तुमचं काहीच चुकलं नाही.

आणि एक सांगते, तुम्ही परत पिल्लू आणणार असाल तर हा व्हायरस घरात, अंगणात महिनोन् महिने टिकतो, साध्या फिनाईलच्या पोछ्यानं जात नाही, ब्लीचनं पुसावं लागतं. खरं म्हणजे सगळ्या लसी झालेला मोठा कुत्राच आणा.

धागाकर्ते, लसीच्या कार्डावर बाटलीवरचं स्टिकर, डॉक्टरांची सही आणि शिक्का, हे तीन असेल तरच लस झाली असं समजायचं.

गावठी_जिंदाबाद
हे सगळं वाचून एकच प्रश्न पडतो, कशाला विकत घ्यायचं? बेसाच्या कोणत्याही चौकात चार पिल्लं बसलेली असतात. फुकट. उन्हात टिकतात. तुम्ही लोक जात बघून कुत्रा घेता आणि मग रडता. मुधोळ तरी घ्या, आपल्याकडचा आहे, आर्मीनं पण घेतलाय.

तर्रीपोहे
झालं सुरू. भाऊ, आधी त्या ताईचं वाचा अन् मग लिहा. कोणी रडून राहिलं तर तिथं भाषण देऊ नये.

त्रिमूर्तीनगर_४४
गावठी घेण्याला माझाही पाठिंबा आहे, माझ्याकडे दोन आहेत, पण ते फुकट असतात हे कृपा करून पसरवू नका. लसी त्याच, जंताचं औषध तेच, ऑपरेशन तेच, गोचीड तर तीच. फक्त आणताना पैसे पडत नाहीत. मी दोघांवर महिन्याला पाच हजार घालवतो.

मुधोळचं म्हणाल तर कुत्रा उत्तम, उन्हाला काटक, अंगावर केस कमी, आणि कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं केंद्रच आहे तिथून पिल्लं मिळतात. पण तो पळणारा शिकारी कुत्रा आहे. टू बीएचकेत दुसऱ्या मजल्यावर बाबांच्या हातात दोरी द्याल तर मांजर दिसल्याबरोबर बाबा पण मांजरामागे.

सदरची_माई
बाळांनो, सगळे खाण्याचं अन् इंजेक्शनाचं सांगून राहिले, उन्हाळ्याचं कोणीच बोललं नाही. नागपुरात राहता ना रे?

आमच्याकडे पग होता, चपट्या नाकाचा, आता नाही. तीन वर्षांमागं मे महिन्यात, ४५ होतं त्या दिवशी, दुपारी दोनला लाईट गेली. कूलर बंद. आम्ही माणसं पदरानं वारा घेत बसलो, म्हटलं येईल पाच मिनिटांत. पाऊण तास झाला. त्याची जीभ आधी लाल मग निळसर व्हायला लागली, श्वासाचा घर्र घर्र आवाज, पाय फाकवून फरशीवर पडला. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तोंडानं धापा टाकूनच तो गार होतो, अन् याच्या नाकात जागाच नाही. माठातलं पाणी काढून पंचा भिजवला, पोटाला, मांडीला, पंजांना लावत ऑटोनं दवाखान्यात नेला. वाचला तेव्हा. त्या दिवशीचं बिल लक्षात नाही पण त्या महिन्यात आम्ही इन्व्हर्टर घेतला ते लक्षात आहे.

लॅबचं नाक बरं असतं, पण केस दाट अन् अंगात चरबी. मार्च ते जून त्याच्यासाठी दिवसभर कूलर चालणार, दर वर्षी नव्या ताट्या, नवतपात एसी लागला तर तो. दोन-तीन महिने दीड हजार जास्तीचं बिल धरून चाला. फिरायला सकाळी साडेपाच अन् रात्री नऊनंतर. डांबरावर आपला हात उलटा ठेवून पाहायचा, सात आकडे मोजेपर्यंत ठेवता नाही आला तर त्याचे पंजे भाजतात.

आणि एवढ्यात फेब्रुवारीत घेऊ नका असं माझं मत. पिल्लू न् उन्हाळा दोन्ही एकदम अंगावर नको.

बेसा_घोगली_रोड
सगळ्यांचे आभार, नाव_नको ताई तुमचं वाचून बायको बराच वेळ गप्प होती.

काल रविवारी मी, बाबा आणि मुलगी १८ हजारवाल्याकडे जाऊन आलो. नुसतं बघायला, पैसे नेलेच नव्हते, ही अक्कल धाग्यामुळे आली. घराच्या मागे टिनाचं शेड, आत ओली पोती, फिनाईलचा इतका वास की डोळ्यातून पाणी. सात पिल्लं एका फ्रिजच्या खोक्यात. आई कुठंय विचारलं तर "शेतावर आहे", मग मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, त्यात एक छान गुबगुबीत लॅब कुठल्यातरी लॉनवर पळत होती, मागं समुद्र. समुद्र! नागपूरजवळ हिंगण्यात असेल कदाचित.

बाबांना मी आधी समजावून ठेवलं होतं की पेडिग्री विचारायची म्हणजे वंशावळ, आजा-पणजा. बाबांनी एकदम कडक आवाजात विचारलं, "पेडिग्री आहे का?" तो आत गेला आणि पेडिग्री ब्रँडच्या डॉग फूडचं पाकीट घेऊन आला, "काका, हेच खातात, सवय लावली आहे." बाबांनी पाकीट हातात घेऊन मागची तारीख वाचली. एक्सपायर होऊन चार महिने झाले होते.

पिल्लू ४५ दिवसांचं म्हणाला. एक उचललं तर पोट टमटमीत, ढोलकीसारखं, आणि तोंड उघडून पाहिलं तर पुढचे दात बारीक आलेले, मागं हिरड्याच. व्हेट ताई, तुम्ही सांगा. मुलगी घरी येईपर्यंत रडली, तिला ते खोक्यातलं सगळ्यात छोटं आणायचं होतं. मला पण आणायचं होतं खरं सांगायचं तर.

व्हेट_इन_मेकिंग
पोट ढोलकीसारखं म्हणजे बहुतेक जंत. आणि आठ आठवड्यांच्या पिलाच्या तोंडात दुधाचे २८ दात जवळपास सगळे आलेले असतात, मागच्या दाढांसकट. हिरड्याच दिसत होत्या म्हणजे महिनाभराचं असेल. त्या वयात ते आईजवळ, भावंडांजवळ पाहिजे. चावायचं किती जोरात हे ती भावंडंच शिकवतात, लवकर आणलेलं पिल्लू मग तुमच्या मुलीच्या हातावर शिकतं.

सगळ्यात छोट्याची दया येते ते मला समजतं. पण तुम्ही एक सोडवलं की त्या रिकाम्या जागेसाठी तो विकणारा पुढचं लिटर (एका वेताची पिल्लं) काढतो.

अमरावतीकर
पेपरबद्दल बोलतो, मी आधी डॉग शोला जायचो. "पेपर नंतर येतील" म्हणजे येत नाहीत, धरून चाला. केसीआयमध्ये आई-बाप दोघांची नोंदणी असेल तरच लिटरची होते, प्रत्येक पिलाला मायक्रोचिप बसते, तिचा १५ आकडी नंबर सर्टिफिकेटवर असतो, आणि मग ते तुमच्या नावावर ट्रान्सफर करून घ्यायचं. कोणत्याही बऱ्या क्लिनिकमध्ये स्कॅनर मानेवरून फिरवला की नंबर दिसतो. कागदावरचा आणि मानेतला जुळला पाहिजे. नाहीतर कुठल्याही कुत्र्याचा पेपर कुठल्याही पिलाला लावून देणारे मी डोळ्यांनी पाहिलेत.

पण पेपर म्हणजे तब्येतीची गॅरंटी नाही हेही तितकंच खरं. पेपर फक्त कूळ सांगतो. लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड या जातींना खुब्याच्या सांध्याचा त्रास असतो, हिप डिस्प्लेशिया, आणि तो आई-बापांकडून येतो. ३८ हजारवाल्याला विचारा, आई-बापाच्या हिपचे एक्सरे काढलेत का. काढले असतील तर ३८ महाग नाही. नसतील तर तुम्ही २० हजार कागदाचे देऊन राहिले. शोला न्यायचं नाही, ब्रीडिंग करायचं नाही, तर मी म्हणेन पेपर सोडा, आई बघा. आई अंगावर येत नाही, चालताना मागून डुलत नाही, डोळे स्वच्छ, बस.

पुण्याहून आणायचं असेल तर पिल्लू ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून पार्सल मागवू नका, पाया पडतो. रेल्वेनं एसी फर्स्टचा अख्खा कुपे (बंद खण) बुक केला तर सोबत नेता येतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. भाडं जोडून पाहा, ३८ चे ५० होतात.

गोचीडग्रस्त
कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. गोचीड. पावसाळा लागला की गवतातून येतात अन् आपल्याकडे तर बारा महिनेच असतात. माझ्या बीगलला दोनदा टिक फीवर झाला. पहिल्यांदा आम्हाले वाटलं सुस्ती आली, उन्हामुळं. हिरड्या पांढऱ्या पडल्या तेव्हा नेला, प्लेटलेट घसरून १८ हजार. रक्त तपासणी, डॉक्सीसायक्लिन चार आठवडे, पुन्हा तपासणी, पुन्हा तपासणी, ९ हजार झाले. आता दर महिन्याले गोचीडाची गोळी देतो, सातशेला एक पडते, वजनाप्रमाणे महाग होत जाते. सातशे वाचवायले गेलो होतो ना मी.

इतवारीचा_हिशोब
चला, मस्करी पुरे, आता धंदेवाईक पद्धतीनं मांडतो, मी दुकानाचा हिशोब लिहितो तसा. वर सगळ्यांनी दिलेल्या आकड्यांवरून मांडलंय, जे कोणी दिले नाहीत ते माझे अंदाज.

पिल्लू समजा २० हजार. लसी आणि तपासण्या ५,४००. जंताचं औषध ६००. क्रेट (कुत्र्याचा पिंजरा), पट्टा, भांडी, बिछाना ५ हजार. खाणं, लहानपणी कमी नंतर जास्त, सरासरी २,८०० धरून दहा महिने (दोन महिन्यांचं आणाल ते वर्षाचं होईपर्यंत) २८ हजार. गोचीडाचं ६०० नं दहा महिने ६ हजार. नसबंदीचं ऑपरेशन खाजगीत ८ हजार. दिवाळीत किंवा लग्नाला गेलात तर सात दिवस बोर्डिंग (कुत्रा सांभाळायला ठेवणं), ६०० रोज, ४,२००. उन्हाळ्याचं बिल तीन महिने साडेचार हजार. आणि नाव_नको ताईंसारखी वेळ आली तर हाताशी १५ हजार, हे खर्च झाले नाहीत तर देवाचे आभार माना पण ठेवा.

बेरीज ९६,७००. इमर्जन्सी काढली तर ८१,७००. दहा महिन्यांवर पाडले तर महिन्याला आठ हजार झाले. त्यातलं पिल्लू किती? वीस. तुम्ही पंधरा दिवस ९, १८ की ३८ यावर डोकं फोडून राहिले, अन् खरा आकडा तर बाकीच्या शीटमध्ये आहे. आणि पुढची दहा-बारा वर्षं दरवर्षी पन्नास-साठ हजार, भाव वाढतील ते वेगळे.

मी अ‍ॅक्टिव्हावर ठाम आहे.

बेसा_घोगली_रोड
हिशोब भाऊ, तुमची बेरीज मी प्रिंट काढून फ्रिजवर लावली. बाबा म्हणाले आम्ही तुला एवढ्यात इंजिनिअर केला.

बायकोनं तोडगा काढला. ती म्हणते आपल्याकडे कुत्रा आला आहे असंच समजू. मार्चपासून दर महिन्याच्या १ तारखेला आठ हजार वेगळ्या खात्यात टाकायचे, जणू त्याचं खाणं-औषध चालू आहे. जूनपर्यंत जमलं तर आणू, नाही जमलं तर आणल्यावर पण जमणार नव्हतं. मुलीला खात्याचं पासबुक दिलंय. तिनं कव्हरवर कुत्रा काढला. उन्हाळा पण टळतो, माई तुमचंही ऐकलं.

सोसायटीचे एक काका आत्ताच म्हणून राहिले की पाळीव प्राणी चालणार नाही, ठराव करू. करता येतो का?

त्रिमूर्तीनगर_४४
नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे, सोसायटीला बहुमतानं पण बंदी घालता येत नाही. लिफ्ट वापरू नका असंही म्हणता येत नाही. प्रिंट काढून काकांना द्या, सोबत पेढे द्या. महापालिकेत नोंदणी मात्र करून घ्या. आणि खाली घाण केली तर पिशवी घेऊन उचला, मग काकाच त्याला बिस्किटं देतात, आमच्याकडे तसंच झालं.

तर्रीपोहे
हा खात्याचा उपाय लय भारी आहे राजेहो. मी बुलेट आणायच्या आधी हे केलं असतं तर बुलेट आला नसता. बरं झालं केलं नाही.

बेसा_घोगली_रोड
धागा वर काढतोय, जुलै लागला.

मार्च ८, एप्रिल ८, मे ३, जून ८. मे मध्ये मेहुणीचं लग्न होतं, आहेर आणि गाडीभाड्यात गेले. मुलीनं पासबुक उघडून सांगितलं, "मे मध्ये आपला कुत्रा पाच हजार रुपये उपाशी राहिला." बायको म्हणाली म्हणूनच बोर्डिंग आणि लग्नाचे आहेर एका वर्षात बसवायचे कसे ते आधी ठरवू. आधीचे ३० धरून ५७ झालेत.

अमरावतीकर भाऊंच्या ओळखीनं त्यांच्याकडचंच एक लिटर पाहून आलो. घरचं आहे, दोन वर्षांतलं पहिलंच, नोंदणी क्रमांक दाखवला. आई समोर होती, आमच्यावर एकदा भुंकली, मग माझ्या बुटांचा वास घेत बसली आणि लेस सोडली. पिल्लं ३४ दिवसांची, त्यांनी स्वतःहून सांगितलं की आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय देणार नाही, तेव्हाच मला बरं वाटलं. मायक्रोचिप बसवून देणार, केसीआयचे पेपर नाहीत. १६ हजार. ३ हजार आगाऊ दिले, कागदावर लिहून घेतलं की दोन दिवसांत आपल्या डॉक्टरला दाखवून काही निघालं तर पैसे परत.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आणायचं. क्रेटचे भाव पाहिले, बत्तीसशे म्हणतात मोठ्याचे. पिल्लू असतानाचं कोणाकडे जुनं पडलेलं आहे का?

तर्रीपोहे
बुलेटचं आहे माझ्याकडे, गच्चीवर, एका कोपऱ्याले गंज आहे, घासून रंग मारा. ब्लीचनं धुवा आधी. पैसे नका विचारू. मानेवाड्याले या, पण सातच्या नंतर या, त्याच्या आधी आई पोळ्या करते अन् बुलेट कोणालेच दारातून आत येऊ देत नाही.